राहिलेला खाडा

आमच्या व्यायामशाळेत पापं दोनच होती. एक, चपला घालून आत शिरणं, आणि दुसरं, खाडा करणं. पहिल्याला माफी होती.

खाडा म्हणजे एका दिवसाची गैरहजेरी. गिरणीत खाडा झाला की पगार कापतात. आमच्या गिरगावातल्या व्यायामशाळेत तो फेडावा लागायचा. चुकलेल्या दिवसाचे नमस्कार, जोर, बैठका, सगळं पुढच्या दिवसांच्या नेमावर चढवायचं आणि पुरं करायचं. ताप आला होता, बहिणीचं लग्न होतं, आजोबा वारले, काहीही सांगा. मास्तर मान डोलावत ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "बरं. मग फेडणार कधी?" खाडे अंगावर ठेवून कोणी स्पर्धेला उतरायचं नाही, हा नियम भिंतीवर कुठे लिहिलेला नव्हता, पण कोनाड्यातल्या मारुतीसारखाच तो जागचा हलत नसे.

मास्तर म्हणजे शाळेत कवायत शिकवणारे मास्तर. पन्नाशी उलटलेले, ठेंगणे, अंगाने आडवे आणि बोलायला कंजूष. नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ ते आमची व्यायामशाळा चालवायचे. ती होती त्यांच्याच वाडीच्या टोकाला, पत्र्याखालच्या एका लांबट खोलीत. तिथे पूर्वी कोणाची तरी बग्गी असायची म्हणे. सूर्य उगवायच्या आत मास्तर येऊन कुलूप काढायचे. गेल्या तीस वर्षांत त्यांचा एकही खाडा झालेला नाही, असं वाडीतलं शेंबडं पोरही सांगायचं. मी राहायचो रस्त्यापलीकडच्या वाडीत, पण ही गोष्ट आमच्याकडेही पोचली होती आणि तिच्यावर माझी श्रद्धा होती. श्रद्धा होती म्हणूनच तर पुढचा सगळा घोळ झाला.

आमच्याकडे एक लोखंडी दांडा होता आणि त्याच्या टोकांना अडकवायच्या लहानमोठ्या चकत्या. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या दोन चकत्यांना आम्ही थोरली जोडी म्हणायचो. थोरली जोडी चढवलेला दांडा खांद्यापर्यंत आणणारे आमच्यात दोघे-तिघे होते. तिथून तो डोक्यावर नेऊन हात ताठ करून उभा राहिलेला गिरगावकर मात्र एकही नव्हता. दर माघी गणपतीला परळला व्यायामशाळांच्या स्पर्धा व्हायच्या, आणि लालबाग-परळची गिरणीत राबणारी मंडळी या वजनापासून सुरुवात करायची. आमचा गडी पुढे झाला की मांडवातून कोणीतरी ओरडायचं, "वरणभात आला रे, वाट द्या!" मग हशा. दर वर्षी तोच हशा ऐकून माझं डोकं फिरायचं.

त्या वर्षी परळला मी जाणार होतो. थोरली जोडी डोक्यावर नेईन असा मास्तरांना मी शब्द दिला होता. मास्तर कधी कोणाला शाब्बास म्हणत नसत, आणि मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. बस, एवढंच. मी चोवीस वर्षांचा, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. मला दुसरं काही इतकं हवंसं वाटत नव्हतं. आता हे लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

दिवाळी झाली आणि मी कंबर कसली. पहाटे उठून नमस्कार, जोर, बैठका, मग लोखंड. दिवसभर कचेरी. संध्याकाळी पुन्हा तेच. थोरली जोडी खांद्यापर्यंत यायची, कपाळापर्यंत जायची आणि तिथे अडायची. मास्तर बाजूला उभे राहून बघायचे. "कमी पडतंय," ते म्हणाले. "म्हणजे तू कमी करतोयस. वाढव."

मी वाढवलं. पंधरा दिवसांनी दांडा नाकापर्यंतच जायला लागला.

"वाढव," मास्तर म्हणाले.

पुन्हा वाढवलं. मार्गशीर्ष संपेपर्यंत दांडा हनुवटीच्या वर जाईना. मला काही कळेनासं झालं. शाळेत गणितात मी बरा होतो, कचेरीत बेरजा चुकत नव्हतो, आणि इथे जितकं घालावं तितकं कमी होत होतं. त्यात भर म्हणजे जेवण जाईना. इतका दमलेला असूनही रात्री झोप लागेना. पहाटे उठताना छाती धडधडायची. घराचा जिना चढताना मांड्या लाकडासारख्या व्हायच्या. कचेरीत हेडक्लार्क माझी अक्षरं बघून म्हणाले, "काय हो, ट्राममध्ये बसून लिहिलंत की काय?" घरी मी बहिणींवर उगाच खेकसायचो, आणि खेकसून झालं की मला रडू यायचं. एवढा पीळदार घोडा आणि डोळ्यांत पाणी! मी ते कोणाला दिसू दिलं नाही.

विचारावं तो वेगळंच सांगे. आमच्या डॉक्टरांनी अशक्तपणा आहे म्हणून लाल औषधाची बाटली दिली, डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली. आईच्या मते मला दृष्ट लागली होती. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून शेगडीत टाकल्या आणि तडतडल्या तशी विजयाने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, हे सगळं बंद कर आणि खात्याच्या परीक्षेला बस. आणि मास्तर म्हणत होते, वाढव. चौघांचंही बरोबर असणं शक्य नव्हतं, पण चुकतंय कोण हे सांगायला पाचवा माणूस नव्हता. म्हणून मी मास्तरांचं ऐकत राहिलो.

जानेवारीत मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर सांगितलं गेलं आणि अख्खं गिरगाव रस्त्यावर आलं. दगड झाले, अश्रुधूर झाला, गोळ्या झाल्या. मग कर्फ्यू लागला. माझी वाडी आणि मास्तरांची वाडी यांच्या मधल्या रस्त्यावर पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. वाडीच्या तोंडाशी डोकं बाहेर काढायची सोय उरली नाही.

पहिल्या सकाळी मी घरातच नेम करायचं ठरवलं. आमच्या दोन खोल्यांत आई, बाबा, मी, दोन बहिणी, आणि आदल्या दिवशी दादरहून सहज भेटायला आलेले आणि अडकून पडलेले काका. जोर काढायला अंग लांब करावं तर कोणाच्या तरी अंथरुणात पाय जायचे. बैठकांना जागा कमी लागते म्हणून मी खिडकीशी बैठका सुरू केल्या. चार-पाच झाल्या असतील, तोच खालून तक्तपोशीवर केरसुणीच्या दांड्याने ठोकल्याचा आवाज आला.

आमची चाळ लाकडी. आमची जमीन ती खालच्यांचं छत. खालच्या घरातली मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि तिच्या बाळाचा पाळणा टांगला होता बरोबर माझ्या पायांखालच्या तुळईला. मी खाली बसलो की पाळणा हिंदकळायचा आणि पोरावर चुना पडायचा.

"एक बैठक मारलीस तर बघ," आई म्हणाली. "रात्रभर गोळ्यांच्या आवाजाने रडत होतं ते. आत्ता कुठे डोळा लागलाय."

"आई, खाडा होईल."

"होऊ दे. मास्तरांना म्हणावं, या इकडे आणि पाळणा हलवा."

अशा रीतीने, एका तान्ह्या बाळासाठी, मी आयुष्यात पहिल्यांदा नुसता बसून राहिलो. आठवडाभर दुसरं काही केलंच नाही. बाळंतिणीसाठी आईने डिंकाचे लाडू केले होते. तिच्या सासरची माणसं कर्फ्यूमुळे येऊ शकली नाहीत, तेव्हा त्यांना बांधून द्यायचा लाडवांचा डबा आमच्याकडेच राहिला आणि तो मी संपवला. बहिणी विचारायच्या, "दादा, बारसं कधी रे?" आणि मला झोप यायची. सकाळी यायची, दुपारी जेवल्यावर यायची, संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला काका चळवळीवर तावातावाने बोलत असतानाही यायची. महिनोन्‌महिने न आलेली झोप सगळी एकदम आली.

एकदा खिडकीतून पाहिलं तर चारजण खालच्या गल्लीतून एका माणसाला दाराच्या फळीवर घालून पळत नेत होते. त्याचा एक हात खाली लोंबत होता. मी खिडकी लावली, भिंतीला टेकून बसलो, आणि थोड्या वेळाने मला पुन्हा झोप लागली. जाग आल्यावर माझी मलाच शिसारी आली. बाहेर माणसं मरत होती आणि मी बाळंतिणीचे लाडू खाऊन झोपा काढत होतो. अशा वेळी झोप लागूच कशी शकते, हे मला तेव्हा कळलं नाही.

कर्फ्यू उठला त्या पहाटे मी व्यायामशाळेत गेलो. जिना उतरतानाच पाय हलके लागत होते. मास्तर आलेले होतेच. वाडीच्या आतल्या आत ये-जा असल्यामुळे त्यांचा नेम चुकला नव्हता. मी नमस्कार घातले, थोड्या बैठका मारल्या आणि एवढ्या दिवसांनी लोखंड कुठवर येतंय बघावं म्हणून थोरली जोडी चढवली.

दांडा खांद्यावर आला. श्वास घेतला आणि वर लोटला. कपाळ मागे पडलं, हात ताठ झाले, आणि थोरली जोडी माझ्या डोक्यावर होती.

एकजण पुढे येऊन म्हणाला, "चकत्या बदलल्या काय रे कुणी?" मास्तरांनी स्वतः येऊन चकत्या हाताने चाचपल्या, पेच बघितले आणि म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा उचललं. दांडा खाली ठेवला आणि मास्तरांकडे बघत उभा राहिलो. आता म्हणतील, आता म्हणतील, असं वाटत होतं. माझे कान त्या एका शब्दासाठी टवकारलेले होते.

मास्तर म्हणाले, "खाडे किती झाले?"

मला राग आला. "मास्तर, आठवडाभर मी काही केलं नाही आणि आज हे वर गेलं. न करण्यानेच गेलं असेल तर?"

पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. "तसं असतं तर वाडीतला एकेक आळशी पैलवान झाला असता," ते म्हणाले. "दिवाळीपासून घाम गाळलास त्याचं आहे हे. ते टिकवायचं असेल तर खाडे फेड. माघी चतुर्थीच्या आत सगळे."

घरी आईचा निकाल तयार होता. "लाडू," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मी औषध कधीच मोरीत ओतलं होतं, पण ते त्यांना कशाला सांगा. मला स्वतःला आतून वाटत होतं की हे झोपेने झालं. पण झोपेने ताकद येते असं म्हणायला तोंड कुठे होतं? सगळी मुंबई जागी असताना मी झोपलो होतो, आणि त्याचं बक्षीस मला मिळालं, हे खरं असेल तर फारच लाजिरवाणं होतं. त्यापेक्षा मास्तरांचं खरं असलेलं बरं, असं मला वाटलं. शिवाय मास्तरांची शाबासकी मिळवायची आणि त्यासाठी मास्तरांचंच ऐकायचं नाही, हे मला जमणारं नव्हतं.

मी खाडे फेडायला लागलो. रोजचा नेम तर होताच, त्यावर चुकलेल्या एकेका दिवसाचं ओझं. पहाटे दीड दिवसाचं करायचं, संध्याकाळी उरलेलं. पहिले दोन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी हात थरथरले. मग झोप गेली, जेवण गेलं, जिना पुन्हा उंच झाला. थोरली जोडी कपाळावरून नाकावर आली, नाकावरून हनुवटीवर. माझ्या डोळ्यांदेखत ती खाली येत होती आणि मी तिला खाली आणण्यासाठीच दिवसरात्र राबतोय असं मला वाटायला लागलं. आईला मी पुन्हा लाडू करायला लावले. ढीगभर खाल्ले. काही झालं नाही. "तूप कमी पडलं असेल," आई म्हणाली, पण तिचाही आवाज आता खात्रीचा नव्हता.

एकदा मी मास्तरांना म्हणालो, "दोन दिवस थांबू का? स्पर्धेनंतर दुपटीने फेडतो."

"खाडे अंगावर घेऊन परळला उभा राहणार?"

"पण मास्तर, ताकद जातेय."

"जातेय ती खाड्यांमुळे. फेडून झाले की येईल."

ताकद फेडण्याने जात होती की न फेडल्याने, हे दोन्ही बाजूंनी सारखंच सिद्ध होत होतं. मी बैठका मारत राहिलो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी एकच खाडा उरला होता. संध्याकाळी तो फेडायला घेतला आणि मधेच माझ्या पोटऱ्यांत असा गोळा आला की मी मातीत आडवा झालो. मास्तरांनी मला बसतं केलं, पोटऱ्या चोळल्या. मी उठायला लागलो तर त्यांनी खांद्यावर हात दाबला. "राहू दे," ते म्हणाले. "हा एक नंतर."

त्यांचा चेहरा मला आठवतो. स्वतःच्या हाताने देवाचा दिवा फुंकल्यासारखा दिसत होता. पण आमच्याकडून पाठवायला दुसरा कोणी नव्हता.

परळचा मांडव त्या वर्षी नेहमीसारखा नव्हता. गोळीबारात गेलेल्यांसाठी आधी सगळे उभे राहिले. मग कोणीतरी "संयुक्त महाराष्ट्र" म्हणालं आणि सगळ्या मांडवाने "झालाच पाहिजे" म्हणून छत डोक्यावर घेतलं. माझ्या अंगावर काटा आला. आज थोरली जोडी जाणार वर, असं वाटलं.

तीन वेळा उचलायची मुभा होती. पहिल्यांदा दांडा हनुवटीपर्यंत गेला. दुसऱ्यांदाही तिथेच. तिसऱ्यांदा खांद्यावरच डगमगला आणि मी तो टाकला. चकत्या फळ्यांवर आपटल्या तो आवाज अजून कानात आहे. सगळ्यांत वाईट म्हणजे कोणी "वरणभात" म्हणून ओरडलं नाही. त्या दिवशी सगळे एक होते, गिरगाव आणि परळ काही वेगळं उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी मला दया दाखवली. लालबागचा एक धिप्पाड गडी पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मटण खा रे भावा. वरणभातावर ह्यां नाय उचलूचां." आणखी एक मत! मी त्याला मान डोलावून दाखवली.

मास्तर आणि मी ट्रामने परत निघालो. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. भिंतीभिंतींवर डांबराने घोषणा रंगवलेल्या होत्या.

"चूक माझी आहे," ते एकदम म्हणाले. "तो एक खाडा मी ठेवायला नको होता. माहीत असून ठेवला."

"माहीत असून म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. आधी कधी कोणाला सांगितलं नसावं, कारण वाक्यं त्यांना जुळवावी लागत होती. माझ्याच वयाचे असताना ते याच स्पर्धेला उतरले होते. थोरली जोडी ते व्यायामशाळेत रोज डोक्यावर नेत. मला धक्काच बसला. ती नेणारा गिरगावकर झालाच नाही, असंच आम्हाला माहीत होतं. स्पर्धेच्या सुमाराला त्यांची पहिली मुलगी, वर्षाचीही नसेल, तापाने फणफणली. स्पर्धेच्या दिवशी पहाटे तिला दवाखान्यात घेऊन जावं लागलं आणि सकाळचा नेम चुकला. दुपारी तिचा ताप उतरला, तेव्हा ते तसेच तडक परळला गेले. वजन वर गेलं नाही.

"एक खाडा," मास्तर म्हणाले. "एका खाड्याने गेलं. पोरगी वाचली, आता दादरला नांदतेय, दोन मुलं आहेत. त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्यानंतर मला थोरली जोडी कधी जमली नाही. खाडाही मी पुन्हा कधी होऊ दिला नाही."

का कोण जाणे, मी विचारलं, "मास्तर, आदल्या रात्री तुम्ही झोपला होतात?"

"झोप? मांडीवर पोर फणफणतेय आणि झोप?"

"आणि त्याच्या आदल्या रात्री?"

ते आठवू लागले. "तेव्हाही ती मांडीवरच होती," ते म्हणाले.

"मग ते खाड्याने नाही गेलं," मी म्हणालो. "जागरणाने गेलं. आणि नंतरही तुम्ही रोज सूर्याच्या आधी उठून, दिवसभर शाळा करून, रात्री उशिरापर्यंत..."

मी वाक्य तोडलं, कारण मास्तर माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. शाळेत पहिल्यांदा आलेलं मूल दाराशी उभं राहून बघतं, तसे बघत होते.

"मग तीस वर्षं मी काय करतोय?" त्यांनी विचारलं.

ते खरोखर विचारत होते. मला उत्तर माहीत आहे असं त्यांना वाटत होतं. मला काहीच माहीत नव्हतं. झोपेचं मी बोललो ते खरं की खोटं, तेही माहीत नव्हतं. एका आठवड्याच्या लाडवांवर आणि झोपेवर मी एका माणसाच्या तीस वर्षांना हात घातला होता. मी म्हणालो, "तसं नाही मास्तर, माझं आपलं उगाच." त्यांनी मान हलवली. गिरगावला उतरल्यावर मास्तर, रोज म्हणायचे तसं, "उद्या लवकर ये" म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उरलेला खाडा फेडायचा म्हणून निघालो. का निघालो, विचारू नका. विश्वास उडाला होता म्हणावं तर पाय तिकडेच चालत होते. व्यायामशाळेच्या दाराला कुलूप होतं.

मी ते हातात धरून पाहिलं, खोटं असल्यासारखं. दोन पोरं आली, ती पण कुलूप बघत उभी राहिली. "मास्तर नाहीत?" एकाने विचारलं, आणि ते विचारतानाच तो घाबरला. मी धावत वाडीतल्या त्यांच्या घरी गेलो. जिना चढताना काय काय मनात आलं ते लिहवत नाही.

काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, दार आधीच उघडं ठेवलं होतं. त्या ओट्याशी टेकून उभ्या होत्या आणि आतल्या खोलीकडे बघत होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आत मास्तर झोपले होते. कुशीवर, एक हात उशीखाली, तोंड किंचित उघडं. मी त्यांना कधी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. ते अगदी लहान दिसत होते. आम्ही दोघं त्यांच्या छातीकडे बघत राहिलो. ती वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली.

"रात्री जेवले नाहीत," काकू कुजबुजल्या. "लवकर पडले ते असेच आहेत. लग्न झाल्यापासून या वेळेला यांना झोपलेलं बघितलं नाही मी. दोनदा नाकाशी हात धरून बघितला." मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. समोरच्या चाळीच्या कौलांवर उजेड यायला लागला होता. "उठवू का रे? सूर्य वर यायच्या आत उठवलं तर खाडा नाही होणार. मागाहून उठले तर मला बोलतील, का नाही उठवलंस म्हणून. तुला कळतं यांच्या व्यायामाचं. सांग ना, उठवू?"

मला काही कळत नव्हतं. उठवलं तर त्यांची तीस वर्षं शाबूत राहणार होती. नाही उठवलं तर ती या सकाळी तुटणार होती, आणि तुटली तर ती माझ्यामुळे. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्या तोंडाकडे बघत होत्या. कौलांवरचा उजेड पिवळा होत चालला होता.

"झोपू दे, काकू," मी म्हणालो.

त्या चवड्यांवर आत गेल्या आणि मास्तरांच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून खिडकीची एक झडप लोटून घेतली.

मी चपला हातात घेतल्या आणि जिना वाजू न देता खाली उतरलो. तो एक खाडा माझा राहिला तो राहिलाच. मास्तरांनी तो पुन्हा कधी मागितला नाही, आणि त्यांच्या त्या सकाळच्या खाड्याबद्दल मी कोणाशी बोललो नाही.